मापाचा कागद

संधिवाताने आईच्या पायांची बोटं एकमेकांवर चढली होती. दुकानातला एकही बूट तिला सोसवत नव्हता. "पायात घातले की कुणी दावा साधतंय असं वाटतं गं," ती म्हणायची. शेवटी लेकीने बूट शिवणाऱ्या काकांकडे नेऊन, कागदावर पाय ठेवून तिचं माप दिलं.

बूट तयार झाले तेव्हा आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. कुणा गरजूला देता येतील म्हणून लेक ते आणायला गेली, आणि बघताच चिडली.

"काका, हे तिचे नाहीत. केवढे लांब आहेत!"

काकांनी खणातून एक कागद काढला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर थरथरत्या पेन्सिलीने दोन पावलं काढली होती. उजव्या अंगठ्याच्या सांध्यापाशी रेघ बाहेर आली होती. तो फुगवटा लेक वर्षभर स्वतःच्या मोज्यात लपवत होती.

"माप तुमच्या आईनेच बदललं, ताई."

 

काका पुढे सांगू लागले, "म्हणाल्या, 'दुपारी ती झोपली असताना काढलंय. तिला आत्ता सांगू नका, नाहीतर आधी आईचेच शिवा म्हणून भांडत बसेल.'"