साहेबांची बाटली

१९७८ साली ओढ्यात अंबाडी कुजत घालायला नव्या कायद्यानं बंदी येणार, अशी कुणकुण लागली आणि त्याच आठवड्यात ओढ्याचं पाणी तपासायला बेळगावहून एक साहेब आले. बंदी आली तर गावाचा दोरखंडाचा धंदा बसणार होता. माझं कन्नड पुस्तकी, तरी दुभाषा म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं.

"नुसतं पाणी न्यायला जीप घिऊन कोण येतंय रं? ह्यात कायतरी काळंबेरं हाय," दोर वळणारा मायाप्पा म्हणाला. "मास्तर, सायबाला च्या पाजा, लई वेळ लावून."

साहेब चहा पीत होते, तेवढ्यात मायाप्पाच्या शेजारच्या तानुबाईनं जीपमधली, साहेबांनी ओढ्यातून भरून आणलेली बाटली ओतून टाकली आणि तिच्यात ओढ्याकाठच्या आडाचं नितळ पाणी भरून ठेवलं. सगळं गाव तेच पाणी पीत असे.

काही दिवसांनी साहेब परत आले आणि चावडीपुढं कन्नडमध्ये बोलले.

"काय म्हंत्यात सायब?" तानुबाईनं विचारलं.


"म्हणतात, बाटलीतलं पाणी फार दूषित निघालं. अंबाडीसाठी सरकार वेगळा हौद बांधून देईल. तोवर ओढ्याचं पाणी गुरांनाही पाजू नका, सगळ्यांनी आडाचंच प्या."