बाबांची भीती

भयकथा लिहायला घेण्याआधी तो भेटेल त्याला विचारायचा, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" आणि उत्तर वहीत उतरवून घ्यायचा. लिफ्टवाला झाला, नर्स झाली, शेजारच्या काकू झाल्या. एका दुपारी त्याने आपल्या म्हाताऱ्या वडिलांनाच विचारलं.

वडिलांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका हं. रोज सकाळी एक माणूस माझ्या खोलीत येतो. माझी दाढी करतो, सदऱ्याची बटणं लावतो, मला बाबा म्हणतो. कोण आहे, काही केल्या आठवत नाही."

त्याचं पेन थांबलं. "मग तुम्ही ओरडत का नाही?"

"कसा ओरडू? फार जीव लावतो हो. त्याला वाईट वाटू नये म्हणून मीही त्याला बाळा म्हणतो."