ओढ्याची पट्टी

बालवाडीतल्या मुलांच्या मनगटांवर पट्ट्या बांधून हेमांगीबाईंनी त्यांना ओढ्याकाठी बसवलं. ओढ्याला जे होईल ते पट्टीतून मुलांना जाणवायचं. रोज गुदगुल्या व्हायच्या. आज मात्र पोरं एकदम किंचाळली. वरच्या कारखान्याने पिवळं पाणी सोडलं होतं.

 बाई भराभर पट्ट्या सोडवू लागल्या. पाच वर्षांची कनक मात्र रडत हात मागे लपवत होती.

"आग होतेय ना गं? काढ ती!"

"ओढ्याला पण होतेय. त्याची कोण काढणार?"

मुलांना मदतनीस ताईंकडे सोपवून बाईंनी कनकची पट्टी घेतली आणि थेट कारखाना गाठला. कारखान्याचे साहेब बाहेर येताच त्यांच्या मनगटावर ती चढवली.

साहेब कळवळून ओरडले, "अरे, बंद करा तो पाइप!"