डोंगर ऐकणारा

म्हातारा डोंगराला कान लावून आडवा पडला होता, आणि सगळा तांडा ओझी न उतरवता ताटकळत उभा होता. दिवस कलला होता. जनावरं आपले सहाही पाय आळीपाळीने आपटत होती. दिवसभर मीठ वाहून माणसांचे खांदे भरून आले होते. म्हाताऱ्याने एकदाचं "झोपलाय" म्हणावं आणि आपण पाठ टेकावी, एवढंच प्रत्येकाला हवं होतं.

या मुलखात डोंगर एका जागी टिकत नसत. मनात आलं की उठायचे, आणि पायथ्याशी जे असेल ते चिरडून चालू लागायचे. बरं, उघड्या माळावर राहावं, तर अंधार पडताच काचवारा सुटायचा. तो अंगावर कातडी ठेवत नसे. म्हणून रोज एक झोपलेला डोंगर गाठायचा आणि त्याच्या आडोशाला पडायचं. तो खरंच झोपलाय का, ते ऐकणाऱ्याने सांगायचं. ऐकणाऱ्याचे कान गेले, की एक पांघरूण आणि एक तांब्या देऊन त्याला पुढच्या गावात सोडून द्यायचं, असा तांड्याचा नियम. म्होरक्याचा बाप असला तरी नियम तोच. आणि हा म्होरक्याचा बापच होता.

त्याचे कान जाऊन चार महिने झाले होते. हे फक्त सुनेला, म्होरक्याच्या बायकोला, ठाऊक होतं. म्हातारा मोठा बेरकी. स्वतःच इतका बोलायचा की दुसऱ्याचं ऐकायची वेळच येऊ द्यायचा नाही. चुलीसाठी दगड शोधायच्या निमित्ताने सून आधी जाऊन डोंगराला कान लावून यायची आणि त्याला दिसेल असा हंडा ठेवायची. हंडा उभा, तर डोंगर झोपलेला. पालथा, तर जागा. सुनेचा फार जीव होता त्याच्यावर. गावातल्या चार भिंतींत तो महिनाभरही जगला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं.

आज तिने हंडा उभा ठेवला होता. दोनदा कान लावूनही आत काही हललं नव्हतं.

म्होरक्या बापाच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "आबा, पायाशी साप आहे."

म्हातारा हलला नाही.

तांड्यात कुजबुज सुरू झाली. म्होरक्याचा चेहरा पडला. संशय त्याला बरेच दिवस होता, पण तो खरा ठरायला नको होता.

तेवढ्यात म्हातारा उठून बसला. त्याने हंड्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, आणि गालाच्या हाडावरून हात फिरवला.

"ओझी उतरवू नका," तो म्हणाला. "हा जागा आहे."

सुनेच्या हंड्याच्या उलट तो आजवर कधी बोलला नव्हता.

"घ्या," मिठाचा व्यापारी म्हणाला. "पाठीमागचा माणूस ऐकू येत नाही आणि डोंगर ऐकू येतो. पुढचा आडोसा दोन कोसांवर आहे. वारा सुटायच्या आत पोचलो नाही, तर सोलून निघू सगळे. उतरवा रे ओझी."

दोघा-तिघांनी दोऱ्या सोडायला घेतल्या. म्हातारा लगबगीने गेला आणि सुटलेल्या गाठी पुन्हा बांधू लागला. "अरे, आतली थरथर माझ्या गालाला कळतेय," तो म्हणत होता. "पन्नास वर्षं हाच गाल लावतोय मी." कुणीतरी त्याला हळूच बाजूला सारून "बसा आता, आबा" म्हणालं. माणसं आपल्याला होकारच देताहेत असं समजून तो हसला.

सुनेची दोन वर्षांची लेक जनावराच्या पाठीवरच्या टोपलीत झोपली होती. इथे थांबावं आणि म्हातारा बरोबर निघावा, तर ती चिरडणार. निघावं आणि म्हातारा चुकावा, तर ती वाऱ्यात सापडणार. सुनेचे कान चार महिन्यांचे होते. म्हाताऱ्याचा गाल पन्नास वर्षांचा.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आबांचे कान कधीच गेलेत. चार महिने मीच ऐकतेय. तुम्ही सगळे माझ्या भरवशावर झोपताय."

दोऱ्या सोडणारे हात थांबले.

"तू?" म्होरक्या म्हणाला.

"एकदा तरी चुकले का?"

एवढे दिवस बायकोने आपल्याला फसवलं याचा राग त्याला आलाच होता, पण दिवस मावळत चालला होता. "मग आज काय ऐकलंस?"

"जागा आहे," ती म्हणाली.

"बांधा रे," त्याने हाक दिली. मग बापाकडे न बघता तिला म्हणाला, "पुढच्या गावात आबांची सोय बघावी लागेल." तिने मान खाली घातली.

तांडा धापा टाकत निघाला. दर दहा पावलांवर कुणी ना कुणी वळून बघत होतं. डोंगर होता तिथेच होता. सूर्य जमिनीला टेकला, हवेत बारीक कचकच सुरू झाली, माणसं जनावरांना मारून पळवू लागली. "बाई, तुझा डोंगर काही उठत नाही," व्यापारी करवादला. ऊठ, बाबा, ऊठ, असं सून मनातल्या मनात डोंगराला विनवत होती.

म्हातारा सगळ्यांच्या पुढे होता. तो थोडा थांबला, ती जवळ आल्यावर तिच्याबरोबर चालू लागला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आधी किती कुरकुर केली. पण माझा शब्द अजून कुणी खाली पडू देत नाही."