नववा खळगा

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठीतून रक्तात उतरणारं प्रथिन पकडायची चाचणी आम्ही वर्षभर आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये बसवत होतो. त्या दिवशी ती जमली. प्लॅस्टिकच्या तबकडीवरचे रुग्णांच्या रक्ताचे इवलाले खळगे गर्द पिवळे झाले, निरोगी लोकांचे पाण्यासारखे नितळ राहिले. मी पेढे मागवायला निघाले, तेवढ्यात निरोगी रांगेतला नववा खळगा फिकट पिवळा झाला.

"कर्करोग नसतानाही एवढा रंग सिगारेट ओढणाऱ्यांत येतो," सर हिरमुसले. "पण हा तर निर्व्यसनी. म्हणजे चाचणीच फसली, प्रतिभाताई."

नऊ नंबर म्हणजे आमचे हे. निरोगी माणूस म्हणून त्यांचं रक्त मीच आणलं होतं आणि फॉर्मवर 'निर्व्यसनी' मीच लिहिलं होतं. माझ्या सोळा सोमवारांनीच तर त्यांची सिगारेट सुटली होती. मी अंबडला त्यांच्या कंपनीत फोन लावला.

"अहो, महादेवाला स्मरून सांगा. ओढता का अजून?"

यंत्रांच्या घरघरीपासून ते जरा बाजूला गेले. मग हळूच, "चहाबरोबर चार-पाचच गं. तुला कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवला. कधी नव्हे तो माझा आवाज चढला.

"सर, चाचणी बरोबर आहे! सोमवार मात्र मला पुन्हा धरावे लागतील."