पूजेआधीची गोळी

अण्णारावांच्या थोरल्या लेकाचं, प्रभुलिंगचं, लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी अण्णारावांनी लेकीच्या कपाटातून गोळ्यांची भरलेली पाकिटं काढली आणि तिच्यापुढं आपटली.

"सिद्धेश्वरी, ह्या हितं कशा? माझ्या फोनवर तर रोज सकाळी येतंय, गोळी घेतली म्हणून!"

सिद्धेश्वरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं चित्त एका जागी टिकत नसे. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी म्हटलं, गोळ्या दिल्या आणि विसरू नये म्हणून मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. सकाळी सातला ते वाजायचं. 'घेतली' दाबलं की गप्प व्हायचं आणि बापाच्या फोनवर निरोप जायचा. तरीही परवाच्या चाचणीत पोरीनं प्रश्नपत्रिकेची मागची बाजू उलटून बघितलीच नव्हती.

"फोनला पण खोटं बोलाय शिकवलंस की!"

"खोटं न्हाय, अप्पा. घ्यायचीच असती. आधी दाबते, मग इसरते."

"आधी दाबायचं कशाला?"

कोपऱ्यात ज्वारी निवडत बसलेल्या पार्वतम्मांचा, अण्णारावांच्या आईचा, हात सुपात थांबला. सातला घरात लिंगपूजा. पूजेआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा नेम त्यांनीच सुनेला नि नातवंडांना लावला होता. 'नंतर' दाबलं तर फोन ऐन पूजेत पुन्हा कोकलायचा. म्हणून त्याच रोज सांगायच्या, "आधी त्याचं तोंड बंद कर. गोळी काय, पूजा झाल्यावर घे." पूजा व्हायची, मग बस गाठायची घाई. विसरणं हाच जिचा आजार, तिच्यावरच आठवण ठेवायचं सोपवून पार्वतम्मा विभूती लावून मोकळ्या व्हायच्या.

सिद्धेश्वरीनं आजीकडं पाहिलं. पार्वतम्मांनी सुपातला एक खडा वेचला.

"आळस, अप्पा," पोर म्हणाली. "दुसरं काय."

"मग ऐक. आणखी एकदा असं झालं तर कॉलेज बंद. दुकानात बसायचं."

"बास की आता, लेकरू हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. पूजेला बसलेल्या पार्वतम्मा उठल्या. गोळी काढून त्यांनी नातीच्या हातावर ठेवली, फुलपात्र भरून दिलं.

"गिळ आधी."

"आज्जी, पूजा?"

"गिळ म्हणते न्हवं!"

पोरीनं गोळी घेतली. फुलपात्रात उरलेलं पाणी पार्वतम्मांनी स्वतः पिऊन टाकलं.

"तुला एकटीला दोष नको," त्या हळूच म्हणाल्या.

अण्णाराव दारात उभे होते. "अव्वा, पूजा झाली तुजी?"

"न्हाय."

"आन् पाणी प्यालीस?"

"प्याले."

लेकानं का म्हणून विचारावं, याची त्या वाट बघत राहिल्या. अण्णाराव हसले.

"घ्या! आता म्हातारी पण इसराय लागली. नातीच्याच डॉक्टरला दाखवाय पायजे."

पार्वतम्मांनी नातीकडं पाहिलं नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "वय झालं की."

अण्णाराव अजून लोकांना सांगतात, शेवटी शेवटी आमच्या अव्वाला काही आठवत नव्हतं. पार्वतम्मा त्याच हिवाळ्यात, सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायच्या आदल्या आठवड्यात वारल्या.