सत्ताविसाव्या दिवशी

“दुपारच्या आत ही जोडी घराबाहेर गेली पाहिजे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. “ये, तूच बघ. मागाहून म्हणशील, आईंनी उगाच आळ घेतला.”

सुनेने वाकून पाहिलं. काचपट्टीवर एक गोल, केसाळ जीव सावकाश गरगरत होता. तिच्याच माशाच्या अंगावरून नुकताच खरवडून घेतलेला. ती सरळ उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सासूबाईंनी तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं होतं. निवृत्त झाल्यावर ती सगळी शिस्त त्यांनी बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ओतली. बारा वर्षांत तिथे एकही मासा रोगाने मेला नव्हता, आणि हे त्या आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी सांगत. त्यामुळे महिन्यापूर्वी सून लग्न होऊन आली ती पिशवीत दोन केशरी मासे घेऊन, तेव्हा सासूबाईंनी तिला आत घेतलं आणि माशांची रवानगी मागच्या खोलीत केली. क्वारंटाइन, तीस दिवस. खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला. “नवा मासा दिसतो गोजिरवाणा,” त्या म्हणाल्या होत्या, “पण अंगावर काय घेऊन आलाय, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.”

सुनेने वाद घातला नाही. जोडी तिच्या वडिलांच्या टाकीतली होती. वडील गेल्या वर्षी गेले, मग टाकी गेली, मग घरही. उरले ते हे दोघे. रोज सकाळी ती दाराच्या काचेतून त्यांना पाहून कामावर जायची.

आणि सासूबाईंनीही हयगय केली नव्हती. पहिले बारा दिवस, दर तिसऱ्या दिवशी, मासे धुऊन वाळवलेल्या, ताज्या पाण्याच्या टबात हलवले. अंगावरून गळलेला किडा जुन्या टबात राहतो, मासा पुढे जातो. सगळं नेमाने झालं. तरी आज, सत्ताविसाव्या दिवशी, दोघांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके. सासूबाईंना वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण बाहेर त्यांचे स्वतःचे एकोणीस मासे होते. एक थेंब इकडचा तिकडे गेला, तर आठवड्यात टाकी रिकामी. भीतीपुढे दयामाया टिकत नाही.

दारात मुलगा थर्माकोलचा खोका घेऊन उभा होता. एकीकडे आई, एकीकडे बायको, त्याची अडकित्त्यातली सुपारी झाली होती. “दुकानदार घेतो म्हणालाय,” तो कसंबसं म्हणाला. दुकानदाराकडे आजारी माशाचं काय होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

“आई, एक विचारू?” सून म्हणाली. “बारा दिवस टब बदलल्यावर किडा उरत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?”

“सांगितलं. खरंच आहे ते.”

“मग हा त्यानंतर आला. कुठून आला?”

“तू हात घातला असशील.”

“किल्ली तुमच्याकडे असते.”

पोरगी उलट बोलत असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. ती नुसती विचारत होती. सासूबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. जाळी वेगळी. नळी वेगळी. खाणं बंद पाकिटातलं.

“आणि पाणी?”

“पाण्याला नाव ठेवू नकोस. आधी बारा दिवस मिठाचं ताजं पाणी कालवून घातलं. मग वाटलं, बिचारी परकी आहेत, मुरलेलं पाणी मानवेल. म्हणून माझ्या टाकीतलं काढून देत गेले. घरातलं सगळ्यात चांगलं...”

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी मान वळवून बैठकीच्या दिशेने पाहिलं.

“पण आई, आपल्या माशांना तर काहीच नाही,” मुलगा म्हणाला.

“तू गप्प बस.”

आजार अंगवळणी पडलेला माणूस धडधाकट दिसतो आणि घरभर दुखणं वाटत फिरतो. असे कितीतरी रिपोर्ट त्यांनी स्वतःच्या सहीने दिले होते. त्या तडक बैठकीत गेल्या. सगळ्यात जुना पिवळा मासा त्यांनी जाळीत घेतला, कल्ल्याजवळचा चिकटा खरवडला, त्याला परत सोडलं आणि मागच्या खोलीत येऊन नवी काचपट्टी भिंगाखाली सरकवली. आधी काहीच दिसलं नाही. त्यांच्या जिवात जीव आला. मग पट्टी त्यांनी तसूभर हलवली.

एक गरगरत होता. त्याच्या पलीकडे दुसरा.

मान वर केली तेव्हा त्यांना सुनेकडे बघवेना. उभ्या जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

“खोका खाली ठेव,” त्या मुलाला म्हणाल्या. “हे कुठे जात नाहीत. रोग आपल्याच घरचा निघाला.”

मग त्यांना एकदम घाई सुटली. जोडीला आत्ताच्या आत्ता ताज्या पाण्याच्या टबात हलवायला हवं, औषध काढायला हवं, एक मिनिट दवडून चालणार नाही. त्यांनी बाही वर सारली आणि टबाकडे हात नेला. बोटं पाण्याला टेकणार, तोच सुनेने त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. बैठकीतल्या टाकीचं पाणी त्यांच्या कोपरावरून अजून ठिबकत होतं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “आधी हात धुवा.”